रफ फळ्यांच्या वर्कशॉपला रंग: लांबी (पुट्टी) भरू नका, आधी पाणी कुठून शिरतंय ते बघा

तुमचा प्रश्न थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकीच्यांनाही कळेल. मुंबईच्या गोराईत घरामागे १० बाय १४ फुटांचं वर्कशॉप बांधलंय, उंची ८ फूट, भिंती वखारीतून आणलेल्या पॅकिंगच्या पाइनच्या उभ्या फळ्यांच्या, करवतीतून आल्या तशाच, रंधा न मारलेल्या. तीन बाजू ठोकून झाल्या, पश्चिमेची बाकी आहे. पेंटर म्हणतोय काचपेपर मारू, लांबी भरून सपाट करू आणि वर तेलरंगाचे दोन हात. एप्रिल चालू आहे, पावसाआधी उरकायचंय, तर रंग कुठला घ्यायचा आणि किती.

आधी उत्तर देतो, कारणं नंतर. लांबी अजिबात भरू देऊ नका. तेलरंगही नको. कोरड्या फळीवर तेलाचा प्रायमर एक हात आणि त्यावर बाहेरच्या कामाचं, पाण्यात मिसळायचं, चांगल्या प्रतीचं अ‍ॅक्रिलिक इमल्शन दोन हात, आणि हे सगळं करायच्या आधी प्रत्येक फळीची वरची आणि खालची कापलेली तोंडं बंद. आणि पश्चिमेची बाजू अजून ठोकली नाहीये हे तुमचं नशीब समजा, कारण सगळ्यात जास्त मार तीच खाणार आहे आणि तिथे काम नीट करायची संधी अजून हातात आहे.

मी बोरिवली, दहिसर, उत्तन ह्या पट्ट्यात २६ वर्षं सुतारकाम आणि लाकडावरचं रंगकाम करतोय. रफ फळी दिसली की आपल्याकडच्या पेंटरचा हात आपोआप लांबीच्या डब्याकडे जातो, त्यात त्याचा दोष नाही, त्याने आयुष्यभर घरातले दरवाजे आणि चौकटी केल्यात, तिथे गुळगुळीत म्हणजेच चांगलं काम. पण बाहेरच्या भिंतीला हिशोब उलटा आहे. करवतीतून निघालेल्या फळीवर जे बारीक केसासारखे तंतू आणि खाचा असतात त्यांच्यात रंग धरून बसतो, एकाच हातात जास्त रंग मावतो आणि थर जाड होतो, म्हणून रफ लाकडावरचा रंग रंधा मारलेल्या लाकडापेक्षा जास्त वर्षं टिकतो. रंधा मारलेली फळी दिसायला छान असते पण रंगाला पकड कमी. आणि तुम्ही त्या खाचा लांबीने बुजवल्या तर रंग लाकडाला धरतच नाही, लांबीला धरतो, आणि लांबी म्हणजे खडूची भुकटी आणि तेल, पावसाळ्यात फळी फुगली, उन्हाळ्यात आकसली की ती लांबी हलत नाही, तडकते, आणि तडकली की पाणी आत.

हे मी पुस्तकातून शिकलेलो नाही. २०१४ च्या मे महिन्यात मढला एका गृहस्थांचं असंच शेड केलं, बोटीचं सामान ठेवायला. समुद्राकडच्या आणि दक्षिणेच्या भिंतीला त्यांच्या आग्रहाखातर लांबी भरून तेलरंग मारला, चकाचक, माणसं थांबून बघायची. मग पैसे संपत आले म्हणून मागची पूर्वेची भिंत साधीच ठेवली, नुसता प्रायमर आणि घरात उरलेलं बाहेरच्या भिंतीचं इमल्शन. गणपतीत फोन आला. जाऊन बघतो तर समुद्राकडच्या भिंतीवर सुपारीएवढे फुगे आलेले, चाकूच्या टोकाने एक फोडला तर आतून पाणी आलं, अक्षरशः थेंब ओघळला. त्याखालचं लाकूड काळं पडलेलं. आणि मागची भिंत, जिच्याकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, ती जशीच्या तशी. आता पूर्वेला पावसाचा मार कमीच असतो हे खरं, पण दक्षिणेच्या भिंतीवर वळचणीखाली, जिथे पाऊस थेट लागतच नाही, तिथेही फुगे होते. म्हणजे पाणी समोरून शिरलंच नव्हतं. ते फळीच्या कापलेल्या तोंडांतून आत शिरलं होतं आणि पुढून तेलरंगाने दार बंद केल्यामुळे बाहेर पडायला वाट नव्हती. ती भिंत मी स्वतःच्या खर्चाने खरवडून परत केली, त्याला आठ दिवस लागले, आणि तेव्हापासून पहिलं बघतो ते तोंड.

म्हणून तोंडांबद्दल जरा जास्त बोलतो. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची मोळी आहे, झाडात त्यातूनच पाणी वर जायचं. फळीचा चेहरा पाणी हळूहळू पितो, पण आडवं कापलेलं तोंड म्हणजे त्या नळ्यांची उघडी टोकं, तिथून पाणी कित्येक पट वेगाने आत जातं. उभ्या फळ्यांची खालची तोंडं पावसाळ्यात कायम ओली असतात कारण भिंतीवरून ओघळणारं सगळं पाणी तिथेच येऊन लटकतं. तेव्हा ठोकलेल्या तीन बाजूंना आडवं पडून, आरसा धरून का होईना, पण खालच्या तोंडांना प्रायमर भरपूर पाजा, पंधरा-वीस मिनिटांनी पिऊन टाकला की परत, असं तीनदा. वरची तोंडं पत्र्याखाली असतील तरी करा, वाऱ्याने पाऊस तिरपा येतो. बाकी राहिलेल्या बाजूच्या फळ्या मात्र ठोकायच्या आधी जमिनीवर आडव्या ठेवून चारही कडा, दोन्ही तोंडं आणि मागची बाजू, सगळीकडे प्रायमर मारून घ्या. मागच्या बाजूला प्रायमर कशाला, कोणाला दिसणार, असं पेंटर म्हणेल. दिसणार नाही, पण एकाच बाजूने रंगवलेली फळी दुसऱ्या बाजूने दमट हवा ओढते आणि वाकते. जमलं तर त्या फळ्यांची खालची कड आतून बाहेर अशी थोडी तिरकी कापा, म्हणजे पाणी पुढच्या टोकाला येऊन ठिबकेल, मागे सरकणार नाही.

आणि जमीन. फळ्यांचं खालचं टोक जमिनीपासून किमान ६ ते ८ इंच वर हवं. कमी असेल तर सरळ करवत घेऊन खालून कापा, खाली जोत्याचा सिमेंटचा भाग दिसला तर दिसू दे. आपल्याकडे पागोळीचं पाणी जमिनीवर आपटून चिखलाचे शिंतोडे गुडघ्यापर्यंत उडतात, कुठलाही रंग त्या खालच्या फुटाभरात आधी जातो. पागोळी पडते तिथे दीड फूट रुंद खडीचा पट्टा टाका, शिंतोडे बरेच कमी होतात, आणि वाळवी चढायला लागली तर तिची मातीची वाट डोळ्याला दिसते.

आता पॅकिंगचं पाइन. तुमच्या फळ्यांवर कुठेतरी एचटी असा शिक्का असेल, बघा. त्याचा अर्थ परदेशातून माल पाठवताना लाकूड आतपर्यंत ५६ अंशांवर किमान अर्धा तास तापवलेलं आहे, किडी मारण्यासाठी. पण त्याने फक्त त्या वेळच्या किडी मेल्या, पुढचं संरक्षण काहीच मिळत नाही, आणि पुष्कळ लोक हा शिक्का बघून लाकूड ट्रीटेड आहे असं धरून चालतात. पाइनला वाळवी आवडीने लागते. म्हणून उघड्या फळ्यांवर बोरॅक्स आणि बोरिक अ‍ॅसिडवालं तयार द्रावण मारून घ्या, ब्रशने दोन वेळा, तोंडांना जास्त. ते पाण्यात विरघळणारं असतं, म्हणून आधी ते, मग पूर्ण वाळवणं, मग प्रायमर. रंगवल्यानंतर मारलं तर लाकडापर्यंत पोचणारच नाही. आतून भिंती उघड्या आहेत तिथेही मारा आणि आतून रंग लावू नका, फळीला श्वास घ्यायला एक बाजू मोकळी हवी. म्हणजे जिथे मागे प्रायमर मारलाय तिथेही आतून इमल्शन नको, प्रायमर पुरे.

फळ्या कोरड्या आहेत का हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीत, पण खरा प्रश्न तोच आहे. वखारीत माल उघड्यावर पडलेला असतो, वरून कोरडा दिसतो आणि आत ओल असते. ओलावा १५ टक्क्यांच्या खाली हवा. दोन पिना टोचायचं मीटर ऑनलाइन हजार-दोन हजारात मिळतं, तुम्ही लाकूडकाम करता तर ते तुमच्याकडे असायलाच हवं, फर्निचरलाही लागेल. मीटर नसेल तर घरातला ओव्हन आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा पुरतो. फळीच्या मधल्या भागातून (टोकाकडून नको, टोक आधी वाळतं) एक तुकडा कापा, लगेच वजन करा, मग शंभर अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये ठेवून दर तासाने वजन करत जा, कमी व्हायचं थांबलं की ते कोरडं वजन. आधी २३० ग्रॅम होतं आणि कोरडं २०० भरलं तर ३० भागिले २००, म्हणजे १५ टक्के. १८-२० आलं तर थांबा, काहीही झालं तरी रंग लावू नका. आपल्याकडे पावसाळ्यात हवाच इतकी दमट असते की छपराखालचं लाकूडसुद्धा १७-१८ पर्यंत जातं, म्हणून पावसाळ्यात बाहेरचं लाकूड रंगवणं मी सोडून दिलंय, कितीही पैसे देऊ केले तरी.

पण कोरडं आहे म्हणून उन्हात महिनोन् महिने नागडंही ठेवू नका. काही आठवड्यांच्या उन्हातच वरचा थर कमकुवत होतो, मग करडा पडायला लागतो, आणि त्या मेलेल्या थराला धरलेला रंग त्याच्यासकट निघून येतो. ठोकलेल्या तीन बाजू किती दिवस उघड्या आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीये. करडेपणा दिसत असेल तर ६० नंबरचा पेपर हाताने, तंतूंच्या दिशेने, खाली पिवळं ताजं लाकूड दिसेपर्यंत. गुळगुळीत होईपर्यंत नाही. प्रेशर वॉशर तर नकोच, पाणी आत घुसवतो आणि पाइनचा मऊ भाग उकरून काढतो.

कुठे काळे डाग असतील तर त्यावर घरातल्या ब्लीचचा थेंब टाकून बघा. दोन मिनिटांत फिकट झाला तर बुरशी आहे, नाही झाला तर मळ किंवा लोखंडाचा गंज. बुरशी असेल तर एक भाग ब्लीच तीन भाग पाणी, मऊ ब्रशने लावा, दहा मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. हातमोजे घाला, आणि ब्लीचमध्ये टॉयलेट क्लीनर किंवा दुसरं कुठलंही अ‍ॅसिड चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. बुरशी न मारता वरून रंग मारला तर ती रंगातून वर येते, आलीच म्हणून समजा. बुरशी नसली तरी एकदा साध्या गोड्या पाण्याने भिंती धुवून घ्या, समुद्र जवळ आहे, खारट हवेचं मीठ फळीवर बसलेलं असतं आणि ते रंगाखाली ओल धरून ठेवतं. धुतल्यावर चार कोरडे दिवस द्या, आणि बोरॅक्सचं द्रावण त्यानंतरच, नाहीतर धुताना तेच वाहून जाईल.

खिळे. साधे लोखंडी ठोकले असतील तर पुढच्या पावसात प्रत्येक खिळ्याखाली तांबडी रेघ ओघळणार, मग कुठलाही रंग असो. पश्चिमेच्या बाजूला तरी स्टेनलेसचे स्क्रू वापरा, ३०४ ग्रेड चालेल, समुद्राच्या इतक्या जवळ जमलं तर ३१६. ठोकलेल्या तीन बाजूंचे खिळे बदलणं शक्य नसेल तर प्रत्येक डोक्यावर बारीक ब्रशने लोखंडाचा प्रायमर टिपा. कंटाळवाणं काम आहे, एक सकाळ जाते, पण करा.

गाठी. पाइनच्या गाठीत राळ असते आणि ती उन्हात पाघळून रंगातून पिवळी-तपकिरी वर येते. प्रत्येक गाठीवर चपड्याचं पॉलिश, म्हणजे स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख, दोन हात, गाठीच्या बाहेर अर्धा इंचभर. सुतारकाम करता तर चपडा तुमच्याकडे असेलच.

प्रायमर तेलाचा घ्या, पांढरा, बऱ्यापैकी कंपनीचा. पहिल्या हाताला ५ ते १० टक्के टर्पेंटाइन घाला, म्हणजे आत मुरेल. पेंटर रॉकेल घालायला बघेल, घालू देऊ नका, ते वाळायला वेळ लावतं आणि तेलकटपणा मागे ठेवतं. प्रायमर पूर्ण वाळल्यावर, आपल्या हवेत दोन दिवस धरा, वर अ‍ॅक्रिलिक. लोक विचारतात तेलावर पाण्याचा रंग कसा चालेल. चालतो, उलट हीच जोडी चांगली, तेलाचा प्रायमर लाकडात मुरून डाग अडवतो आणि अ‍ॅक्रिलिक वर्षानुवर्षं लवचिक राहतं, फळीबरोबर हलतं आणि आतली वाफ थोडी थोडी बाहेर सोडतं. तेलरंग पहिल्या वर्षी सुंदर दिसतो आणि मग कडक होत जातो.

तुम्ही लिहिलंय की कोळीवाड्यातल्या सगळ्या होड्यांना तेलरंगच असतो, मग शेडला का नको. प्रश्न बरोबर आहे. पण होडी दरवर्षी किनाऱ्यावर ओढली जाते, खरवडली जाते आणि नारळी पौर्णिमेला समुद्रात जायच्या आधी तिला नवा रंग लागतो. दरवर्षी. ते लोक रंगावर विसंबून नसतात, कष्टावर विसंबून असतात. तुम्ही दर वर्षी भिंती खरवडायला तयार असाल तर तेलरंग मारा, खुशाल.

लाकूड दिसायला हवं असेल तर एक दुसरा रस्ता आहे, आणि मला स्वतःला रफ लाकडावर तोच जास्त आवडतो: बाहेरच्या कामाचा, लाकडात मुरणारा रंगीत वुड स्टेन. त्याचा वर थर बनत नाही म्हणून पोपडा निघायचा प्रश्नच नाही, नुसता फिका पडत जातो, दोन-तीन वर्षांनी धुवून परत एक हात की झालं. त्याखाली प्रायमर लावायचा नाही, नाहीतर मुरणार कशात. पण बिनरंगाचा क्लिअर घेऊ नका, ऊन अडवणारा रंगकणच असतो. आणि नुसतं जवसाचं तेलही नको, आपल्या दमट हवेत बुरशीला ते खाद्य आहे, एका पावसात भिंत काळी.

लावायची पद्धत. चार इंची, दाट केसांचा ब्रश. रोलर वापरायचा तर लांब केसांचा, १८-२० मिलिमीटरचा, आणि रोलरवाल्याच्या मागे लगेच दुसऱ्याने ब्रशने रंग खाचांत दाबत जायचं. स्प्रेलाही हेच. नाहीतर रंग तंतूंच्या शेंड्यांवर पुलासारखा बसतो, खाली पोकळी, वरून झकास दिसतं आणि सहा महिन्यांत झडतं. ब्रश आधी उलटसुलट घुसळायचा आणि शेवटचा फटका वरून खाली. एक फळी वरपासून खालपर्यंत पूर्ण करून मगच दुसरी, अर्ध्यावर सोडली तर जोड दिसतो. फळ्यांमधल्या उभ्या फटी पट्ट्यांनी झाकल्या असतील तर पट्टीच्या कडांत ब्रशचं टोक घाला. सिलिकॉन कुठेही भरू नका, त्याला रंग धरत नाही, खिडकीच्या चौकटीभोवती लागलंच तर रंगवता येणारं अ‍ॅक्रिलिक सीलंट घ्या.

एप्रिलच्या उन्हात फळी हाताला चटका देते, तिच्यावर रंग मुरायच्या आधीच वाळतो. म्हणून सावलीच्या मागे मागे काम करायचं, सकाळी पश्चिम आणि उत्तर, दुपारनंतर पूर्व. दक्षिणेला सकाळी लवकर.

किती लागेल? भिंती ४८ फूट गुणिले ८, म्हणजे ३८४ चौरस फूट, दार-खिडकी वजा करून ३४५ धरा. डब्यावर लिहिलेला आकडा गुळगुळीत पृष्ठभागाचा असतो, रफ फळीला त्याच्या जवळपास अर्धंच क्षेत्र होतं. माझ्या अनुभवात प्रायमर लिटरला ६० चौरस फूट, म्हणजे ६ लिटर, तोंडं आणि बाकी राहिलेल्या बाजूची मागची बाजू धरून ८ घ्या. इमल्शन पहिल्या हाताला लिटरला ५५, दुसऱ्याला ८०, मिळून साधारण साडेदहा लिटर, म्हणजे १० ची बादली आणि १ लिटरचा एक डबा. पण माझ्या आकड्यावर सगळं विकत आणू नका, आधी १ लिटर मोजून एका कोपऱ्यात लावा, किती फळ्या झाल्या बघा आणि त्यावरून हिशोब करा. रंग फिका निवडा, पश्चिमेला तरी. गडद भिंत जास्त तापते, फळी जास्त हलते, आणि आत तुम्हालाच उकडणार.

वेळेचं म्हणाल तर मुंबईत पाऊस साधारण जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येतो पण वळवाची सर आधीही येते, आणि इमल्शन हाताला दोन तासांत कोरडं लागलं तरी पूर्ण पक्कं व्हायला दोन-तीन आठवडे घेतं. तेव्हा शेवटचा हात १५ ते २० मेपर्यंत व्हायला हवा. फळ्या कोरड्या निघाल्या तर आरामात होईल. नाही निघाल्या तर बोरॅक्सचं द्रावण आणि तोंडं एवढंच करून निळी ताडपत्री लावा, भिंतीला चिकटवून नाही, चार इंच अंतर ठेवून, वरून-खालून वारा खेळला पाहिजे, आणि पश्चिमेच्या फळ्या ठोकू नका, घरात रचून ठेवा, मध्ये पट्ट्या घालून. रंग नोव्हेंबरमध्ये. एक पावसाळा ताडपत्री बघवत नाही हे मला कळतं, पण सगळं खरवडण्यापेक्षा ते बरं.

एक धोक्याची गोष्ट, ही वाचून सोडून देऊ नका. जवसाचं तेल किंवा तेलाचा स्टेन पुसलेली फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकली तर ती वाळताना स्वतःच तापतात आणि पेट घेतात, काडी न लावता. तुमच्या वर्कशॉपमध्ये भुसा असणार. फडकी बाहेर दोरीवर सुटी सुटी वाळत घाला किंवा पाण्याने भरलेल्या झाकणाच्या डब्यात बुडवा, त्याच दिवशी.

काम झाल्यावर अर्धा लिटर रंग आणि थोडा प्रायमर घट्ट झाकून ठेवा, झाकणावर तारीख लिहा. पाऊस संपला की ऑक्टोबरच्या शेवटी एकदा चक्कर मारा, भिंती धुवा, आणि खालच्या तोंडांना बोटाने दाबून बघा. मऊ लागलं किंवा रंग उचललेला दिसला तर तिथेच तेवढं वाळवून परत पाजा. पश्चिमेपासून सुरू करा.